दोन गावांच्या मधला रस्ता कोणाच्या वाट्याचा?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

इंदूर किंवा सुरत पाहून परत आलेला खान्देशी माणूस हमखास एक वाक्य बोलतो, ‘आपल्या लोकांनाच वळण नाही.’ रस्त्याच्या कडेला साचलेल्या कचऱ्याचा विषय निघाला, की पारावरच्या गप्पांपासून व्यासपीठावरच्या भाषणांपर्यंत सारी चर्चा याच वाक्यापाशी येऊन संपते. हे वाक्य मला मान्य नाही. लोकांच्या वळणाला दोष दिला, की प्रश्न तिथेच मिटतो, कोणालाही काही करावे लागत नाही आणि शिरपूरपासून धुळ्यापर्यंत किंवा एरंडोलपासून मुक्ताईनगरापर्यंतच्या साईडपट्टीवर कॅरीबॅगांचा थर वाढत राहतो. प्रदेशाप्रदेशांतल्या स्वच्छतेत जो फरक दिसतो तो कशामुळे पडतो, हे नीट पाहिल्याशिवाय आपल्या रस्त्यांचे काय करायचे, हे ठरणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

2017 सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात देशातील 434 शहरांची क्रमवारी लावली गेली होती. तीत इंदूर पहिले होते आणि आपले भुसावळ 433 वे, म्हणजे शेवटून दुसरे. या क्रमवारीत कागदपत्रांना आणि शौचालयांच्या नोंदींनाही गुण असतात, त्यामुळे तिला वेदवाक्य मानण्याचे कारण नाही; पण जे शहर पहिले आले आणि जे जवळजवळ शेवटी राहिले, त्यांच्यामध्ये बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या वाटेने एका दिवसाचाही प्रवास नाही, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. ऊन तेच, धूळ तीच, बाजारात मिळणाऱ्या वस्तू त्याच, आणि त्या वस्तू ज्या पिशव्यांत बांधून मिळतात त्या पिशव्याही त्याच. इंदूरमध्येही काही वर्षांपूर्वी भरून वाहणाऱ्या कचराकुंड्या होत्या आणि त्यांच्याभोवती मोकाट जनावरे होती. तिथल्या पालिकेने रोज प्रत्येक घरापाशी गाडी नेण्याचे काम आधी उभे केले आणि गाडी नेमाने येऊ लागल्यावर रस्त्यावरच्या कुंड्या काढून टाकल्या. देवगुराडियाच्या कचरा डेपोवरचा वर्षानुवर्षांचा ढीग उपसून ती जमीन मोकळी केली. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करू शकणारा प्रकल्प सुरू झाला. दंड झाला, जनजागृती झाली, गाणीही वाजली. पण या सगळ्याआधी गाडी येत होती. हा क्रम आपण लक्षात घेत नाही. आपल्याकडे गाणे आधी येते आणि गाडी येईल तेव्हा येते.

सुरतेचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. उधना, लिंबायत या भागांत किती खान्देशी कुटुंबे राहतात, हे नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कोणत्याही गावाला विचारावे. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा लाखो माणसांनी शहर सोडले. ताप्तीकाठच्या रेल्वेने भरभरून परत आलेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना त्या दिवसांतली घबराट अजून आठवत असेल. त्या वेळचे सुरत हे देशातल्या अत्यंत घाणेरड्या शहरांपैकी एक मानले जात होते. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे अधिकार दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यावर उभे केले आणि खाणावळींपासून मोठ्या दुकानांपर्यंत कोणाचीही भीड न ठेवता दंड वसूल केला. दोनेक वर्षांत सुरतेचे रूप बदलले. 2023 च्या सर्वेक्षणात हेच सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिले आले.

त्या दोन वर्षांत सुरतेतली माणसे बदलली नव्हती. प्लेगच्या भीतीने पळालेले आपलेच काका-मामा परत जाऊन पुन्हा त्याच गल्ल्यांत राहू लागले होते. आज त्यांची मुले-सुना तिथे ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवून गाडीत टाकतात आणि उन्हाळ्यात लग्नासाठी गावी आल्यावर तोच कचरा एका पिशवीत बांधून नाल्याच्या मोरीत टाकतात, कारण गावात तो द्यायचा कोणाला, याचे उत्तर कोणाकडे नसते. वळण हे माणसाच्या अंगात असते, तर नवापूरजवळची राज्याची हद्द ओलांडताना ते गाडीतून उतरून गेले नसते.

याची उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर शेजारच्या राज्यांचे उगाच कौतुक केल्यासारखे होईल. इंदूर शहराची हद्द मागे टाकून आग्रा-मुंबई महामार्गाने खाली उतरू लागले, की सेंधव्याच्या आसपासची साईडपट्टी पळासनेर किंवा शिरपूरच्या साईडपट्टीहून फारशी वेगळी दिसत नाही. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, आणि तिथल्या बाकावर बसून दोन राज्यांत एकाच वेळी बसल्याचे छायाचित्र काढायची प्रवाशांना मोठी हौस असते. पण तिथून बाहेर पडून रस्त्याने उच्छल-सोनगडकडे गेले, तर कचऱ्याकडे पाहून राज्य कुठे बदलले हे सांगता येणार नाही. आपल्याच राज्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत 2020 साली कराड देशात पहिले आले आणि सासवड दुसरे. म्हणजे स्वच्छतेची रेघ राज्याच्या सीमेवरून जात नाही आणि भाषेच्या किंवा जातीपातीच्या सीमेवरूनही जात नाही. ज्या हद्दीपर्यंत रोज कोणीतरी कचरा उचलायला बांधील आहे, तिथपर्यंत रस्ता स्वच्छ असतो, आणि ती हद्द संपली की घाण सुरू होते.

आता खान्देशातल्या खेड्याकडे येतो. आमच्या भागात दारापुढचे अंगण आजही रोज झाडले जाते, सडा पडतो, आणि सातपुड्यात धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर गेलात तर शेणाने सारवलेल्या अंगणात काडीसुद्धा पडलेली दिसत नाही. अशा माणसांना अस्वच्छ म्हणणे हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे. पूर्वी घरातून निघणारे जे काही होते, म्हणजे शेण, राख, भाजीचा पाला, केरकचरा, ते सगळे उकिरड्यावर जायचे आणि आखाजीच्या आगेमागे, पेरणीपूर्वीच्या मशागतीच्या दिवसांत, ते कुजलेले खत गाडीने शेतात जायचे. गावाला वेगळी कचरा-व्यवस्था लागत नव्हती, कारण उकिरडा हीच पूर्ण व्यवस्था होती. ती मोडली ती प्लास्टिकने. आज उकिरडा उपसला, की खताबरोबर शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि बाळांचे डायपर निघतात, म्हणून शेतकरी ते खत शेतात नेत नाही, म्हणून उकिरडा वाढत वाढत रस्त्यावर येतो आणि शेवटी कोणीतरी त्याला काडी लावतो. कडेची कडुनिंबाची आणि चिंचेची जुनी झाडे बुंध्याशी जळून काळी पडलेली दिसतात ती यामुळे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला. पण ज्या गावात कचरा द्यायलाच जागा नाही, त्या गावात हा दंड कोणी कोणाला करावा?

रस्त्याच्या कडेला नेमके काय पडलेले असते, ते एकदा थांबून पाहण्यासारखे आहे. जाड प्लास्टिकच्या बाटल्या, पत्रा, पुठ्ठा, ठिबकच्या जुन्या नळ्या यांपैकी फारसे काही तिथे टिकत नाही, कारण त्याला भंगारात भाव आहे आणि पहाटेच कोणीतरी गोणी घेऊन ते वेचून नेलेले असते. जळगावचा चटई उद्योग जुन्या प्लास्टिकपासून केलेल्या दाण्यावर चालतो. ज्या जिल्ह्यात प्लास्टिक हा कच्चा माल आहे, त्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर प्लास्टिक पडून राहते, याचा अर्थ तिथे उरते ते कोणालाच नको असलेले प्लास्टिक. त्यात वेफर्सची चकचकीत पाकिटे असतात, पाण्याचे पाऊच असतात, खरकट्याने भरलेल्या पत्रावळ्या असतात, आतून प्लास्टिकचा थर दिलेले चहाचे कागदी कप असतात, आणि सर्वांत जास्त असतात त्या गुटख्याच्या व पानमसाल्याच्या पुड्या. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. तरीही शाळेच्या कुंपणाला लागून या पुड्यांचा सडा पडतो, तेव्हा मुलांपुढे स्वच्छतेवर भाषण करताना शिक्षकांना काय वाटत असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

यात शेतीच्या कचऱ्याची भर पडली आहे आणि तिच्याविषयी आपण शेतकरी मंडळी फारसे बोलत नाही. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीच्या घडांवर चढवलेल्या स्कर्टिंग बॅगा घड कापल्यावर बांधावर सोडून दिल्या जातात. कलिंगड, टरबूज, मिरची, टोमॅटोसाठी जमिनीवर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर हंगाम संपला की गुंडाळून रस्त्याच्या कडेला टाकला जातो. हा कागद इतका पातळ आणि मातीने इतका भरलेला असतो, की भंगारवाला त्याला हात लावत नाही. मग वैशाखातल्या वावटळीत तो बाभळीच्या काट्यांना लटकतो आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलारी बांधवांच्या जनावरांच्या पोटात जातो. मल्चिंगचे फायदे मी नाकारत नाही, पाणी वाचते आणि तण कमी होते. पण जो कागद विकतो त्याने तो परत घ्यावा, अशी अट अनुदान देताना घालायला कोणी अडवले आहे?

चैत्रातल्या पदयात्रेविषयी लिहिताना मला जपून लिहावे लागेल, कारण श्रद्धेचा विषय आहे आणि त्या श्रद्धेत माझेही घर आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर यात्रा भरते आणि खान्देशातून हजारो माणसे धुळे, मालेगाव, देवळा, कळवण या वाटेने पायी गडावर जातात. चालणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी मंडप पडतात. चहा, सरबत, पाणी, कुठे वरण-बट्टी, कुठे खिचडी, आणि हे सगळे विनामूल्य व हात जोडून दिले जाते. अनोळखी माणसाचे पाय दाबून देणारी तरुण मुले त्या मंडपांत असतात. असा सेवाभाव फार थोड्या प्रदेशांत पाहायला मिळत असेल, आणि नेमक्या त्याच मंडपाच्या मागे दुसऱ्या दिवशी द्रोण, पत्रावळ्या, पाऊच आणि ग्लासांचा ढीग वाऱ्याने शेतात पसरत असतो. मंडप उभारणारे कार्यकर्ते वाईट नाहीत. अन्नदानाची योजना करताना तेल, पीठ, गॅस, आचारी यांचा हिशोब होतो, पण उष्ट्या पत्रावळ्या कुठे जाणार, याचा हिशोब वर्गणीच्या वहीत कुठेच नसतो.

घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत शंभरहून अधिक माणसांच्या कार्यक्रमासाठी आयोजकाने किमान तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा वेगळा करून सोपवावा, अशी तरतूद होती. थर्मोकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-ग्लासांवर राज्याने 2018 मध्ये बंदी घातली आणि केंद्राने 1 जुलै 2022 पासून देशभर. कायदा कमी नाही. शिवाय आपला खान्देश केळीचा. ज्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या पंगतीत चांदीच्या रंगाच्या कागदी पत्रावळ्या असाव्यात आणि केळीची पाने बांधावर वाळून जावीत, हे मला मनापासून लागते. सातपुड्यातल्या बाया पळसाच्या पत्रावळ्या लावतात. यात्रेतल्या मंडपांनी त्या आगाऊ मागणी देऊन विकत घेतल्या, तर उष्टे पान गुरांपुढे किंवा खड्ड्यात जाईल आणि पैसा डोंगरावरच्या घरांत जाईल.

मूळ प्रश्न मात्र याच्याही पलीकडचा आहे. गावात ग्रामपंचायत आहे, शहरात नगरपालिका आहे. पण दोन गावांच्या मधला जो दोन-चार किलोमीटरचा पट्टा आहे, त्याचा कचरा कोणाचा? ग्रामपंचायत म्हणते, रस्ता सार्वजनिक बांधकामचा. बांधकाम विभाग म्हणतो, आमचे काम डांबराचे आणि खड्ड्यांचे. महामार्ग असेल तर देखभालीचा ठेकेदार दुभाजकातली कण्हेर छाटून जातो आणि साईडपट्टीच्या खालच्या उतारावर काय पडले आहे, ते पाहत नाही. नगरपालिकांच्या हद्दी जिथे संपतात, तिथेच रात्री ट्रॅक्टर रिकामे होतात, कारण तिथे विचारणारा कोणी नसतो हे टाकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. कोंबड्यांची पिसे, सलूनमधले केस, दवाखान्यांच्या सुया आणि ढाब्यांवरच्या दारूच्या बाटल्या याच पट्ट्यात येतात. बाटल्या फोडल्या जातात आणि कपाशीच्या वेचणीला जाणाऱ्या बायांच्या पायात त्या काचा जातात. ज्यांनी हा कचरा केला नाही त्यांना त्याची इजा होते, आणि रस्त्यावरच्या घाणीबद्दल मला सर्वांत जास्त चीड येते ती याची.

एके काळी याच खान्देशात सामायिक गोष्ट कशी सांभाळायची याची उत्तम रीत होती. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांवर काही शतके चाललेली सामुदायिक सिंचनाची फड पद्धती आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली आहे. बंधाऱ्याचा पाट एका शेतकऱ्याचा नसे, पण त्यातला गाळ दरवर्षी कोणी काढायचा, पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे, हे सगळे ठरलेले असे. पाणी वाटायला पाटकरी आणि पिके राखायला जागल्या असे, त्यांचा मोबदला सगळे लाभधारक मिळून देत, आणि आपला वाटा न उचलणाऱ्याला जाब द्यावा लागे. पाट सर्वांचा होता म्हणून तो कोणाचाच नाही, असे कोणी म्हणत नसे. रस्त्याच्या कडेलाही हीच रीत लागू करता येईल.

ते कसे, हेही सांगतो. प्रत्येक तालुक्यातल्या प्रमुख रस्त्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत एक जबाबदार ग्रामपंचायत किंवा नगरपालिका नेमून द्यावी आणि तिच्या नावाची पाटी तिथे लावावी. खर्चाचा आक्षेप लगेच येईल. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागातील दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई 60 रुपयांपर्यंत निधीची तरतूद झाली होती, म्हणजे चार हजार वस्तीच्या गावाला 2 लाख 40 हजार रुपये. त्यात तीनचाकी घंटागाडी आणि खतखड्डे होतात, पण गाडीचा चालक आणि डिझेल यांचा रोजचा खर्च निघत नाही. म्हणूनच अनेक गावांत ही गाडी ग्रामपंचायतीच्या मागे चाके सपाट होऊन उभी दिसते. चार-पाच गावांनी मिळून एक गाडी ठेवली, चालकाचा पगार वाटून घेतला आणि दर घरामागे महिन्याला थोडी रक्कम घेतली, तर ती चालेल. तालुक्यामागे एक प्लास्टिक संकलन केंद्र उभारण्यासाठी याच योजनेत 16 लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. ज्या तालुक्यांत असे केंद्र झाले, ते रोज चालते का आणि त्यातला माल चटई उद्योगापर्यंत पोहोचतो का, हे आपल्या वार्ताहरांनी तालुक्यागणिक जाऊन पाहावे, अशी माझी आपणास विनंती आहे.

दारूच्या बाटल्यांसाठी तमिळनाडूने निलगिरी जिल्ह्यात 2022 मध्ये एक साधी योजना सुरू केली. बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी बाटली परत केली की ते परत द्यायचे. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या, कारण टाकलेली बाटलीसुद्धा कोणीतरी दहा रुपयांसाठी उचलतो. आपल्या राज्यातही ही योजना आणता येईल, आणि तिची सुरुवात ढाब्यांची गर्दी असलेल्या आपल्या महामार्गांवरून व्हावी.

तीनही जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत एवढीच मागणी आहे, की पुढच्या चैत्र यात्रेआधी पायी वाटेवरच्या आपापल्या हद्दीतल्या रस्त्याचे तुकडे पाडून त्यांची जबाबदारी लेखी ठरवून द्यावी, मंडपांची नोंद ग्रामपंचायतीत घ्यावी आणि प्रत्येक मंडपामागे एक गाडी कोणत्या वेळी येईल, ते मंडपावरच लिहून लावावे. यात्रा संपल्यावर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कोणता तुकडा साफ होता आणि कोणता नव्हता, त्याची यादी गावांच्या नावांनिशी आपण छापावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, शिरपूर, जि. धुळे